शब्दचर्चा: 'ऑबेर्ज'ला मराठीत काय म्हणावं?

शब्दवेडी

एका प्रवासलेखाचा अनुवाद करतेय आणि 'ऑबेर्ज' या फ्रेंच शब्दापाशी आठवडाभर अडले आहे. लेख फ्रान्सच्या अल्सास भागातला, व्होजच्या डोंगरातला. तिथं वरच्या कुरणांवर गाई राखणाऱ्यांची शेतघरं आहेत. त्यांतली काही वाटसरूंना जेवू घालतात, त्यांना 'फेर्म-ऑबेर्ज' म्हणतात. जेवण ठरलेलं असतं. आधी मांसाचं सारण भरून भाजलेली जाड पारीची 'तूर्त'. मग 'रोइगेब्राजेल्दी', म्हणजे बटाट्याच्या चकत्या, कांदा आणि खारवलेलं डुकराचं मांस झाकण ठेवून मंद आचेवर कितीतरी वेळ शिजवलेलं. सोबत धुरी दिलेलं मांस, नंतर मुन्स्तर चीज आणि शेवटी रानातल्या जांभळ्या बेरींचा टार्ट. या जेवणाला 'मार्केर'चं जेवण म्हणतात. मार्केर म्हणजे गाईंची धार काढणारा, चीज करणारा गुराखी. काही घरांच्या माळ्यावर दोनचार खोल्या असतात. पोटभर जेवल्यावर खाली गावात उतरायचं नसेल तर तिथंच झोपायचं.

म्हणजे क्रम असा की माणूस जेवायला जातो, आणि जेवला म्हणून राहतो. मला याच क्रमाचा शब्द हवा आहे. 'सराई' लिहिलं तर उंट दिसतात. 'धर्मशाळा' लिहिलं तर पैसे घेतात हेच पुसलं जातं. 'अतिथिगृह' सरकारी वाटतं, चौकीदाराकडून किल्ली आणावी लागेल असं. 'खाणावळ' जवळचा आहे, पण तिथं कुणी झोपत नाही. काय करू?

कोल्हापुरी

ताई, 'हॉटेल' का नको, हे आधी पाहू. मूळ लॅटिन 'होस्पिताले', पाहुण्यांची जागा. फ्रेंचमधून इंग्रजीत आलं तेव्हा त्यात खोली होती, खाट होती. मराठीत आलं आणि खाट गेली. आपल्याकडं हॉटेल म्हणजे चहा, भजी, मिसळ. पण गंमत क्रियापदात आहे. 'हॉटेलात गेलो' म्हटलं की खायला गेलो. 'हॉटेलात उतरलो' म्हटलं की राहायला. शब्द तोच, अर्थ ठरवतं ते क्रियापद. 'उतरणे' हे आपलं अस्सल क्रियापद आहे. घोड्यावरून, बैलगाडीतून, गाडीतून उतरायचं आणि जिथं उतरलो तोच मुक्काम. 'पंढरपुरात कुणाकडं उतरता?' हा प्रश्न आजही घरोघरी ऐकू येतो.

दुसरा शब्द 'लॉजिंग-बोर्डिंग'. सगळ्या एसटी स्टँडांसमोर ही पाटी. यातलं 'बोर्ड' म्हणजे मुळात फळी, जेवणाचं मेज, आणि त्यावरून मेजावरचं जेवण. म्हणजे पाटी सांगते, 'झोपणं आणि जेवण'. आपण मात्र 'बोर्डिंग' हा शब्द 'जेवणबिवण'मधल्या 'बिवण'सारखा नुसता जोडीला आलेला समजतो. शिवाय आमच्या कोल्हापुरात बोर्डिंग म्हणजे विद्यार्थ्यांचं वसतिगृह. शाहू महाराजांच्या काळात 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं आणि मग जातीजातींच्या मुलांसाठी एकामागून एक बोर्डिंगं उभी राहिली. 'मी बोर्डिंगात शिकलो' असं सांगताना म्हाताऱ्या माणसांचा आवाज आजही बदलतो. त्या शब्दाला आता परत मेजाकडं ओढून नेणं बरं नाही, त्याला इथं फार मोठा अर्थ मिळाला आहे.

खानदेशी

सराईबद्दल थोडं. फारसीत 'सराय' म्हणजे वाडा, घर, मुक्कामाची जागा. इंग्रजांच्या राज्यात 1867 साली 'सराईज ॲक्ट' आला. त्यातली व्याख्या प्रवाशांच्या आसऱ्यासाठी आणि राहण्यासाठी वापरलेली इमारत एवढीच. जेवणाचा त्यात मागमूस नाही. धर्मशाळेचंही तेच. छप्पर दात्याचं, शिधा ज्याचा त्याचा. सदावर्तातसुद्धा बऱ्याचदा कोरडा शिधाच मिळे, चूल आपली आपण पेटवायची. आपल्याकडं सोवळं-ओवळं, कुणाच्या हातचं कोण खातो हा प्रश्न एवढा मोठा होता की छप्पर आणि चूल एका मालकाच्या हाती देणं जमलंच नसावं. शब्दांची फाटाफूट तिथूनच झाली असं माझं मत आहे.

पण एक शब्द असा आहे ज्यात दोन्ही होतं. उत्तरेत सराईत 'भटियारा' असे. तोच खाट देई, तोच भट्टीवर रोटी आणि सालन करून घाली. त्याच्या जागेला 'भटियारखाना' म्हणत. म्हणजे तुमचा ऑबेर्जच की! मराठीत तो शब्द 'भटारखाना' होऊन आला आणि आक्रसला. आज मोठ्या हॉटेलाच्या मागच्या रांधपखोलीला, जिथं धूर, भांड्यांचा ढीग आणि आचाऱ्यांची आरडाओरड, त्याला भटारखाना म्हणतात. लेखात तो वापरला तर वाचकाला माळ्यावरची खोली दिसणार नाही, हे खरं. तरी हा शब्द हातचा गेला याची हळहळ वाटते.

मांडवीकाठ

गोव्यातून दोन शब्द. 'तावेर्न' हा पोर्तुगीज काळापासून रुळलेला, पण तिथं पेला आहे, पान नाही. दुसरा 'अग्रशाळा'. आमच्या मोठ्या देवळांच्या आवारात महाजनांसाठी, यात्रेकरूंसाठी खोल्या असतात त्या. राहणं आणि देवळाचं जेवण असं दोन्ही जुळतं, पण देवाशिवाय तो शब्द उचलता येत नाही. गुराख्याच्या घराला अग्रशाळा म्हणणं मनाला पटत नाही.

पूर्वरंग

मी गेली काही वर्षं जपानात आहे. इथल्या 'रयोकान'ची रीत सांगतो, कारण तुमचा क्रम इथं जिवंत आहे. भाव सांगतात तो खोलीचा नव्हे, माणशी. आणि सांगताना म्हणतात 'इप्पाकु निशोकु', एक रात्र दोन जेवणं. पोचल्याबरोबर विचारतात, रात्रीचं जेवण किती वाजता लावू? बऱ्याच जागी ते तुमच्या खोलीतच येतं, एकेक वाटी, एकेक बशी, त्या हंगामात त्या डोंगरात जे मिळतं ते. त्यात उशीर करून चालत नाही.

शिवाय जपानी लोकांनी तुमचा फ्रेंच शब्दही घेतला आहे. 'ओबेरुजु' म्हणजे खोल्या असलेलं रेस्टॉरंट, जिथं जेवणच मुख्य. त्यांनी भाषांतराच्या भानगडीत न पडता शब्द जसाच्या तसा उचलला आणि उच्चार आपल्या तोंडाला बसवला. ब्रिटनमध्ये 'रेस्टॉरंट विथ रूम्स' असं सरळ वर्णनच नाव म्हणून चालतं. म्हणजे दोनच वाटा दिसतात, शब्द उचलणं किंवा वर्णनालाच नाव करणं.

गुहागरची सून

हे सगळं वाचून राहवलं नाही. आमच्या घरी सतरा वर्षं हेच चालू आहे, आणि आम्हाला नावाची कधी अडचण आली नाही! पाटीवर लिहिलंय, 'घरगुती जेवणाची व राहण्याची सोय होईल.' बघा, जेवण आधी. आणि 'सोय'. ती जागा नाही, इमारत नाही. कोकणभर हाच शब्द आहे.

फोन आला की मी पहिल्यांदा विचारते, 'किती पानं?' किती खोल्या ते नंतर. पाच माणसं दोन खोल्यांत झोपतील नाहीतर ओटीवर झोपतील, ते जमवता येतं. पण पाच पानं की आठ पानं, ते आदल्या दिवशी कळायला हवं. उकडीचे मोदक हवे असतील तर पिठी आहे का बघायची, नारळ सोलून ठेवायचे. डाळिंब्यांची उसळ हवी तर वाल आधी भिजत घालून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचे. अर्धा किलो वाल सोलायला दोघींचा तास जातो. मे महिन्यात कच्च्या फणसाची भाजी असेल तर फणस सकाळीच चिरावा लागतो, हाताला तेल लावून. हे सगळं 'सोय' या दोन अक्षरांत आहे.

एकदा एका बुकिंगच्या साइटवर आमचं घर घातलं. त्यांनी आमच्या नावापुढं 'हॉटेल' लिहिलं. एक कुटुंब नुसती खोली घेऊन रात्री साडेनऊला आलं, लहान मूल भुकेजलेलं, आणि बाईंनी मेनूकार्ड मागितलं. त्यांची चूक नव्हती. हॉटेल म्हटल्यावर मेनूकार्ड असणारच. मी कुकर लावला, पिठलं टाकलं, आमसुलाचं सार केलं, जेवली बिचारी. पण मला रात्रभर वाईट वाटलं की आमच्याकडं आलेल्या माणसाचं पान आधीपासून मांडलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो शब्द काढायला लावला. म्हणून सांगते ताई, शब्द नीट निवडा.

शब्दवेडी

तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. 'किती पानं' हा प्रश्न म्हणजेच मला हवा असलेला क्रम आहे.

यावरून आठवलं. फ्रेंचमध्ये 'ओत' हा एकच शब्द यजमानालाही चालतो आणि पाहुण्यालाही. 'ताब्ल दोत' म्हणजे यजमानाचं मेज, ठरल्या वेळी ठरलेलं जेवण, निवड नाही. आणि 'ऑबेर्ज' मुळात जर्मानिक, फौजेचा आसरा, लष्कराचा तळ अशा अर्थाच्या शब्दावरून आलेला. इटालियन 'आल्बेर्गो' त्याच घरातला. म्हणजे त्यांच्याही शब्दात जेवण जन्मापासून नव्हतं, नंतर शिरलं. मिशलँ टायर कंपनीनं 1900 साली मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली, 1926 पासून चांगल्या जेवणाला तारा द्यायला लागले. पुढं दोन आणि तीन ताऱ्यांची पायरी आली. त्यांच्या व्याख्येत दोन तारे म्हणजे त्यासाठी 'देतूर' करावा असं जेवण. मला लगेच 'वाट वाकडी करणे' सुचलं. 'देतूर'ला हा शब्दप्रयोग नेमका बसतो, जराही ओढाताण नाही. तीन तारे म्हणजे मुद्दाम त्याच्यासाठीच प्रवास करावा असं. पॉल बोक्यूज हे जगभर गाजलेले आचारी, लिओंजवळच्या त्यांच्या रेस्टॉरंटच्या नावातसुद्धा 'ऑबेर्ज' आहे, कॉलाँजच्या पुलाजवळचं ऑबेर्ज. इतका तो शब्द आता ताटाकडं झुकला आहे. तसाच आपला 'खाणावळ' खाटेकडं थोडा झुकवता येईल का? 'मुक्कामी खाणावळ' कसं वाटतं?

कोल्हापुरी

'खाणावळ'मध्ये महिन्याचा हिशेब आहे. खाणावळ 'लावतात'. गिरणगावातल्या खाणावळी आठवा. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार महिनाभर जेवायचे आणि पगार झाला की पैसे द्यायचे. त्या चालवणाऱ्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. म्हणजे खाणावळ ही घरापासून तुटलेल्याचं रोजचं घर. हौसेनं वाट वाकडी करून जाणाऱ्याला ती कशी चालेल? शेजारचा शब्द 'जेवणावळ' बघा. जेवणावळ 'घालतात', आमंत्रण असतं, पैसे नसतात. तुमची जागा या दोघींच्या मधली आहे.

खानदेशी

मला उलट वाटतं. परक्या बाईच्या हातचं, तिनं ठरवलेलं, पंगतीला बसून खायचं, पैसे द्यायचे, हे सगळं खाणावळीत आहेच. मार्केरचं जेवण तसंच आहे. हौस की गरज, ते वाक्य सांगेल. शब्द हलका समजू नये, त्यानं लाखोंना जगवलं आहे.

पण 'मुक्कामी' नको. 'मुक्कामी गाडी' म्हणजे रात्री गावात थांबून सकाळी निघणारी एसटी. जो मुक्काम करतो तो मुक्कामी. खाणावळ मुक्काम करत नाही, ती मुक्काम देते. म्हणून 'मुक्कामाची खाणावळ' म्हणा. षष्ठीनं काम होतं.

गुहागरची सून

'मुक्कामाची खाणावळ' चालेल मला. आमच्या पाटीवर लिहिणार नाही, पण कुणी आम्हाला तसं म्हटलं तर राग येणार नाही.

शब्दवेडी

पटलं. पहिल्यांदा येईल तिथं 'ऑबेर्ज' ठेवते, त्याच वाक्यात उलगडून सांगते, आणि पुढं सगळीकडं 'मुक्कामाची खाणावळ'. राज्याच्या पर्यटन खात्याच्या 'निवास व न्याहारी' योजनेचं नावही डोळ्यापुढं होतं, पण त्यात निवास आधी आणि जेवण सकाळपुरतं, म्हणून सोडलं. उतारा असा झाला:

'वर कुरणापाशी पोचलो तेव्हा ढग खाली उतरले होते. हे घर म्हणजे ऑबेर्ज, गुराख्याच्या बायकोनं चालवलेली मुक्कामाची खाणावळ. दारातच तिनं विचारलं, किती पानं? आम्ही तिघं म्हणालो. मग ती चुलीकडं गेली. खोल्यांचं कुणीच काही बोललं नाही.'

तिथं केळीची पानं नाहीत हे ठाऊक आहे, लाकडी मेजावर चिनी मातीच्या ताटल्या असतात. तरी 'पानं' ठेवायचा मोह होतोय. चालेल का?

मांडवीकाठ

चालेल. स्टीलच्या ताटात वाढलं तरी आपण 'पानं घेतली का?' असंच विचारतो ना.