डोपिंग केलं की बँड गॅप कमी होतो का?

माटुंगा_ईएक्सटीसी
पुढच्या आठवड्यात व्हायवा आहे. सिलिकॉनचा गॅप (इलेक्ट्रॉनांनी भरलेला व्हॅलन्स बँड आणि ते मोकळे फिरतात तो वरचा कंडक्शन बँड, यांमधलं ऊर्जेचं अंतर) १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. डोपिंग म्हणून फॉस्फरसची किंचित भेसळ केली की त्याच्या जादा इलेक्ट्रॉनची पातळी कंडक्शन बँडच्या फक्त ०.०४५ खाली येते. मग गॅप ०.०४५च झाला असं धरायचं का? आणि फर्मी लेव्हल (जिथे जागा भरलेली असण्याची शक्यता निम्मी, ती ऊर्जा) आकृतीत नेमकी कुठे काढायची?

सॉलिडस्टेट_मुलुंड
नाही, गॅप १.१२च राहतो. फॉस्फरस घन सेंटिमीटरला १०^१६ धरा. सिलिकॉनचे अणू ५ × १०^२२ असतात, म्हणजे ५० लाखांत एक. इतक्या विरळ अणूंचा बँड बनत नाही. म्हणून डोनर पातळी (इलेक्ट्रॉन देणाऱ्या फॉस्फरसची) तुटक रेघेने दाखवा.

सरकते ती फर्मी लेव्हल. ३०० केल्विनला केटी (उष्णतेची ऊर्जा) ०.०२५९ आणि शुद्ध सिलिकॉनमध्ये वाहक (मोकळे इलेक्ट्रॉन) घन सेंटिमीटरला साधारण १०^१०. गॅपच्या मध्यापासून वर: ०.०२५९ × नॅचरल लॉग (१०^१६ ÷ १०^१०) = ०.३६. म्हणजे कंडक्शन बँडच्या सुमारे ०.२० खाली. डोपिंग दहापट केलं की आणखी ०.०६ वर, हा आकडा पाठच करा. बोरॉन इलेक्ट्रॉनऐवजी होल्स (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) देतो, त्याला हेच सगळं खालच्या बाजूला.

आता दोन्ही पातळ्या एका आकृतीत बघा. डोनर ०.०४५ खाली, फर्मी ०.२० खाली. डोनर पातळी फर्मीच्या बरीच वर पडते, म्हणून ती जवळजवळ रिकामी असते आणि तिचे इलेक्ट्रॉन बँडमध्ये असतात. "ऊर्जा कमी लागते म्हणून सुटतात" एवढंच सांगितलंत तर उत्तर अर्धं राहतं.

फॅब_पवई
बरोबर, पण "गॅप कधीच बदलत नाही" असं ठामपणे बोलू नका. फॉस्फरस ३.७ × १०^१८ च्या आसपास गेला की डोनर पातळ्या पसरून कंडक्शन बँडला मिळतात. त्यापुढे गॅप खरोखर आकसतो आणि वरचं लॉगचं सूत्रही चालत नाही. ट्रान्झिस्टरच्या एमिटरला (वाहक सोडणाऱ्या भागाला) भरमसाठ डोपिंग केलं तरी गेन (करंट किती पट वाढतो ते) हिशोबाइतका मिळत नाही, त्याचं एक मोठं कारण हेच.

माटुंगा_ईएक्सटीसी
धन्यवाद! वेफरचा (सिलिकॉनच्या पातळ चकतीचा) तुकडा एन (फॉस्फरससारखा, इलेक्ट्रॉन जास्त) आहे की पी (बोरॉनसारखा, होल्स जास्त), हे लॅबमध्ये साध्या मल्टिमीटरने कळेल का?

सॉलिडस्टेट_मुलुंड
कळेल. लॅमिंग्टन रोडचा साधा मीटरही चालतो, २०० मिलिव्होल्ट डीसी रेंज ठेवा. लाल प्रोबचं टोक सोल्डरिंग आयर्नने तापवून आयर्न बाजूला करा, मग दोन्ही प्रोब तुकड्यावर दाबा. आकडा धन आला तर एन, ऋण आला तर पी. काहीच दिसलं नाही तर वरचा ऑक्साइड खरवडा. तुकड्यावर उजेड पडू देऊ नका, आत जंक्शन (एन आणि पी भागांचा सांधा) असेल तर ते स्वतःच व्होल्टेज देतं. अगदी कमी डोपिंगचा पी-टाइप मात्र एन म्हणून दिसू शकतो, कारण इलेक्ट्रॉन होल्सपेक्षा जास्त चपळ असतात.