मदत हवी आहे: टिपरच्या मागच्या जोडचाकांत वीस मिलिमीटरची चकती टाकणे सुरक्षित आहे का?

उमरेडरोड
सर्वांना नमस्कार. माझ्याकडे सहा टायरचा लहान टिपर आहे आणि नागपूरच्या उमरेड रोडवरच्या खदानींतून गिट्टी भरून मी ती बुटीबोरी व हिंगण्याकडच्या बांधकामांवर पोहोचवतो. गेल्या तीन आठवड्यांपासून गाडी भरली की मागचे आतले आणि बाहेरचे टायर एकमेकांना घासतात. दोन्हींच्या बाजूंवर काळे गुळगुळीत पट्टे पडले आहेत, आणि परवा दुपारी माल उतरवल्यावर बाहेरच्या टायरला हात लावता येत नव्हता, इतका तो तापला होता. ओळखीच्या एका लेथवाल्याने दोन रिमांच्या मध्ये वीस मिलिमीटर जाडीची लोखंडी चकती, म्हणजेच स्पेसर, टाकण्याचा उपाय सुचवला असून एका दिवसात काम करून देण्याची तयारी दाखवली आहे. सोमवारी सकाळी माल पोहोचवण्याचा शब्द मी देऊन बसलो आहे. चकती टाकावी की नाही, एवढेच कृपया लवकर सांगावे.

कळमना_वाहतूक
निःशंक टाका. माझ्या गाडीत चार वर्षांपासून दोन्ही बाजूंना चकत्या आहेत आणि मी काटोलहून कळमना बाजारात नियमित संत्री आणतो. आजवर एकदाही चाकाची तक्रार आलेली नाही. टायर घासत असताना गाडी चालवणे हे चकती टाकण्यापेक्षा कितीतरी धोक्याचे आहे.

वाडीचा_फिटर
भाऊ, घासणारे टायर घेऊन गाडी चालवणे धोक्याचे आहे, याबद्दल वाद नाही. पण टायर आजच का घासू लागले हे कळल्याशिवाय चकतीबद्दल हो किंवा नाही म्हणणे मला जमणार नाही. टायरचे माप काय आहे? रिम कोणते आहेत आणि चारही सारखे आहेत का? हवा तुम्ही गाडी थंड असताना मोजता की फेरीहून आल्यावर? रिकाम्या गाडीत दोन टायरांमध्ये किती फट राहते आणि भरल्यावर किती? आणि गाडीत नेमका किती माल भरता?

उमरेडरोड
दादा, टायर नवीन आहेत आणि चांगल्या कंपनीचे आहेत. रिम गाडीसोबत आलेलेच आहेत. हवा रोज तपासतो. माल सगळे भरतात तेवढाच भरतो. माझा प्रश्न फक्त चकतीबद्दल आहे.

नियमवाचक
प्रश्न चकतीचाच असेल तर कायदाही पाहावा लागेल. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल वाहनमालकाला स्वतःच्या मनाने करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्पष्ट केली आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. माल वाहणाऱ्या गाडीला पहिल्या आठ वर्षांत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते, त्या तपासणीतही मडगार्डच्या बाहेर आलेला टायर लपत नाही. अपघात झाल्यास विमा कंपनी याच चकतीवर बोट ठेवून दावा अडवू शकते, हेही लक्षात घ्यावे.

जुनी_जीप
मी जीपच्या चारही चाकांना स्पेसर लावले आहेत, म्हणून अनुभव सांगतो. स्पेसरचे दोन प्रकार असतात. एक नुसती भोके पाडलेली चकती, जी जुन्याच स्टडवर, म्हणजे चाकाचे नट ज्यांवर चढतात त्या आटेदार खुंट्यांवर, सरकवून बसवतात. दुसरा प्रकार हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाला, स्वतंत्र नटांनी आवळला जातो आणि त्याला चाकासाठी वेगळे स्टड असतात. पहिला कधीही घेऊ नये. दुसरा घ्यायचा असल्यास त्याचे मधले भोक हबवर घट्ट बसणारे असावे आणि बाहेरच्या अंगाला चाकाला टेकू देणारी कडा असावी, नाहीतर चाक केंद्रात बसत नाही आणि साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागते. माझे स्पेसर घडीव अॅल्युमिनियमचे आहेत आणि दर महिन्याला मी नट तपासतो.

वाडीचा_फिटर
माहिती बरोबर आहे, पण ती मागच्या जोडचाकाला लागू पडत नाही. जीपमध्ये एका हबवर एक चाक असते. येथे एकाच स्टडच्या आवळणीवर दोन रिम धरलेले आहेत, आणि चकती त्या दोघांच्या मध्ये जायची आहे.

यंत्रशिक्षक
मी पॉलिटेक्निकमध्ये यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. चकती वाईट का, याचे कारण लोक बहुधा चुकीचे सांगतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. चाकाचा भार स्टडवर लटकलेला असतो असा समज आहे, पण तसे नसते. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो, त्या ताणाने रिम हबवर दाबला जातो, आणि या दाबामुळे निर्माण होणारे घर्षणच गाडीचे वजन, ब्रेकचा झटका आणि वळणावरचा रेटा पेलते. हा दाब पुरेसा असेपर्यंत स्टडला आडवा मार जवळजवळ बसतच नाही. दाब कमी झाला की रिम सूक्ष्मपणे हलू लागतो, स्टड प्रत्येक फेऱ्याला वाकतो आणि सरळ होतो, आणि काही हजार किलोमीटरांत तो थकून तुटतो. तुटलेल्या स्टडचे तोंड पाहिले तर त्यावर लाटांसारख्या रेषा दिसतात. चकती मध्ये आली की एकाऐवजी दोन बैठका, म्हणजे एकमेकांवर दाबून टेकणाऱ्या जागा, होतात. चकतीची एक बाजू जराशी वाकडी असली, तिच्यावर रंगाचा थर असला किंवा कडेला बर्र, म्हणजे कापल्यावर उरलेली खरखरीत धार, राहिलेली असली, तर शंभर किलोमीटरांत तो थर दबून जातो आणि नट न फिरताही आवळणी ढिली पडते.

दुसरी बाब तरफेची. बाहेरच्या टायरवर १५०० किलो येत असतील आणि तो वीस मिलिमीटर बाहेर सरकला, तर हबवर तीस किलो-मीटरचा वाकवणारा जोर वाढतो, म्हणजे एक मीटर लांबीच्या दांडीच्या टोकाला तीस किलोचे वजन टांगल्याइतका. हा हिशेब गाडी उभी असतानाचा आहे, खड्ड्यात चाक आदळते तेव्हा तो कितीतरी पटींनी वाढतो. बेअरिंग त्या जोरासाठी निवडलेले नसते.

हिंगणा_लेथ
मी स्वतः लेथवर काम करतो आणि अशा चकत्या मी अनेक केल्या आहेत. चकती दोन्ही बाजूंनी एकाच पकडीत फेस करून, म्हणजे लेथवर सपाट छिलून, रंग न लावता दिली तर ती वाकडी असण्याचे कारण नाही. स्टड अपुरा पडत असेल तर आम्ही लांब स्टड तयार करून देतो. सगळ्या लेथवाल्यांना एका पंक्तीत बसवणे योग्य नाही.

वाडीचा_फिटर
तुमच्या हाताच्या कामाबद्दल मला शंका नाही, आणि चकती सरळ असणे गरजेचे आहे हे तुम्ही बरोबर सांगितले. माझा आक्षेप स्टडला आहे. कंपनीचा स्टड उच्च ताकदीच्या पोलादाचा असतो, त्यावर उष्णता-प्रक्रिया झालेली असते आणि त्याचे आटे कापून नव्हे, दाबून घडवलेले असतात. बाजारातल्या साध्या सळईवर लेथने आटे कापले की आट्याच्या तळाशी जी धारदार खाच राहते, तेथूनच चीर सुरू होते. वाडीत मी एक गाडी उतरवली होती, तिच्या सहापैकी चार स्टडचे तुकडे ड्रमच्या आत पडलेले होते आणि उरलेल्या दोनांवर चाक अडकले होते. ते चारही स्टड लेथवर केलेले होते. चालकाला फक्त इतकेच जाणवले होते की गाडी किंचित डावीकडे झुकते आहे.

जुन्याच स्टडवर चकती टाकणार असाल तर हिशेब आणखी सोपा आहे. आटे दीड मिलिमीटरचे असतील तर वीस मिलिमीटर म्हणजे नटाचे तेरा फेरे हातचे गेले. निदान स्टडच्या जाडीइतका नट आट्यांवर चढलेला असावा, हा आमचा साधा नियम आहे.

कळमना_वाहतूक
मग माझ्या गाडीत चार वर्षे काहीच का झाले नाही, याचेही उत्तर द्यावे.

यंत्रशिक्षक
आपण संत्री आणता आणि ते गिट्टी नेतात, हे त्याचे एक उत्तर असू शकते. गिट्टीचा टिपर खदानीच्या कच्च्या रस्त्यावरून भरलेला बाहेर पडतो आणि दिवसातून अनेक फेऱ्या करतो, त्यामुळे त्याच्या स्टडवरचे ताण-उताराचे चक्र वेगळेच असते. आपणही एकदा नटांच्या भोवती लालसर गंजाच्या रेषा फुटल्या आहेत का, हे पाहावे. तसे असेल तर बैठक हलते आहे असे समजावे. हे मी वादासाठी लिहीत नाही, मला खरोखर काळजी वाटते.

कळमना_वाहतूक
पाहतो. पण गिट्टीवाल्यांनीही जास्त भरले तर गैर काय? सरकारने २०१८ मध्ये वजनाची मर्यादा वाढवलीच आहे.

नियमवाचक
जुलै २०१८ मध्ये चार टायरच्या एका धुरावरची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली, हे खरे आहे. पण ती धुरावरची कमाल मर्यादा आहे. लहान टिपरचे स्प्रिंग, धुरा आणि टायर तेवढ्यासाठी बनलेलेच नसतात. त्या गाडीला तिच्या नोंदणी पुस्तकावर लिहिलेले एकूण वजनच लागू होते.

वाडीचा_फिटर
उमरेडरोड भाऊ, माझ्या प्रश्नांची उत्तरे अजून आलेली नाहीत. टायरच्या बाजूवर जे आकडे कोरलेले आहेत ते जसेच्या तसे येथे लिहा. आणि स्टेपनीवरचेही लिहा.

उमरेडरोड
उशीर झाला, फेरीवर होतो. मागच्या चारही टायरांवर ८.२५-१६ लिहिले आहे. पुढच्या दोनांवर आणि स्टेपनीवर ७.५०-१६ आहे. पूर्वी मागेही ७.५०-१६ होते, पण ते झिजल्यावर जास्त वजन पेलणारे घ्यावेत असे दुकानदाराने सुचवले, म्हणून मोठे घेतले. रिम तेच ठेवले. त्यात काही चुकले असेल असे मला वाटले नव्हते, म्हणून आधी लिहिले नाही. पूर्वी मी एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट, गिट्टी भरत असे, आता सव्वा ब्रास भरतो.

वाडीचा_फिटर
भाऊ, तुमच्या प्रश्नाचे उत्तर याच चार ओळींत आहे. ७.५०-१६ टायरची रुंदी साधारण २१५ मिलिमीटर असते आणि ८.२५-१६ ची साधारण २३५. दोन्ही टायर समोरासमोर दहा-दहा मिलिमीटरने फुगले, म्हणजे मधली फट वीस मिलिमीटरने कमी झाली. तुमच्या लेथवाल्याने वीसचीच चकती का सुचवली, तेही आता कळेल. त्याचे मोजमाप बरोबर आहे, फक्त दुरुस्ती चुकीच्या जागी होते आहे. जोडचाकांतले अंतर रिमच्या बैठकीनेच ठरते. रिमच्या मधल्या तबकडीच्या टेकणाऱ्या पृष्ठभागापासून रिमच्या मध्यरेषेपर्यंत जितके अंतर, त्याच्या दुप्पट अंतर दोन टायरांच्या मध्यरेषांत राहते. तुमचे रिम ७.५० च्या टायरसाठी दिलेले आहेत, ते ८.२५ ला पुरणार नाहीत.

त्यात एक ब्रास गिट्टीच सव्वाचार टनांच्या आसपास जाते. सव्वा ब्रास भरली की टायर खाली आणखी दबतो, बाजूला आणखी फुगतो आणि उरलेली फटही संपते. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्यात दोन टायर एकमेकांवर घासले तर बाजूची भिंत आतून जळते आणि टायर रस्त्यात फुटतो. कमी फटीत गिट्टीचा खडा अडकला तर तो मागच्या दुचाकीस्वाराच्या अंगावर गोळीसारखा उडतो, हेही ध्यानात घ्या.

पंक्चर झाल्यावर स्टेपनी लावून गाडी चालवली होती का?

उमरेडरोड
दोन वेळा. बाहेरच्या बाजूला लावली होती आणि दोन्ही वेळा गाडी भरलेली होती.

वाडीचा_फिटर
तसे पुन्हा करू नका. दोन्ही मापांच्या उंचीत सुमारे पाच सेंटिमीटरचा फरक आहे. त्या जोडीत सगळे वजन मोठ्या टायरने एकट्याने उचलले आणि लहान टायर नुसता फरफटत राहिला.

आता काय करायचे ते सांगतो. ८.२५ टायर ठेवायचेच असतील तर गाडीच्या कंपनीच्या सर्व्हिस केंद्रात चेसिस नंबर देऊन विचारा, की या मॉडेलला त्या मापाची मुभा आहे का आणि असल्यास कोणता रिम लागतो. मुभा नसेल तर ७.५०-१६ कडेच परत या आणि त्याच मापात जास्त प्लाय रेटिंगचा (टायरची वजन पेलण्याची ताकद सांगणारा आकडा), म्हणजे १६ पीआरचा टायर घ्या. हवा सकाळी, गाडी थंड असताना भरा. चाक बसवताना हब आणि रिमच्या बैठका तारेच्या ब्रशने साफ करा, त्यांच्यावर नवा रंग लावू नका, नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा, आणि पहिल्या फेरीनंतर, म्हणजे पन्नास ते शंभर किलोमीटरांत, पुन्हा आवळा. पाइप लावून पान्यावर उभे राहणे थांबवा, त्याने स्टड वेडावाकडा ताणला जातो. टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळले ते दाखवणारा पाना, वापरा आणि आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्या.

हिंगणा_लेथ
टायरचे माप बदलले आहे हे आधी कळले असते तर मीही चकतीची बाजू घेतली नसती. गिऱ्हाईक फक्त फट सांगतो आणि आम्ही फट भरून देतो. यापुढे मी टायर वाचून मगच काम हाती घेईन.

उमरेडरोड
काल संध्याकाळी क्लीनर साइडचे चाक उतरवून पाहिले. बाहेरचा नट पूर्ण बसेपर्यंत सोळा फेरे होतात, त्यातले तेरा वजा केले तर तीनच उरतात. आतल्या टायरच्या बाजूवर, घासलेल्या जागी, हाताला लागेल एवढी चीर आहे. ज्यांना माल द्यायचा आहे त्यांना फोन करून मी बुधवारची वेळ मागून घेतली आहे आणि चकतीचे काम रद्द केले आहे. सर्व्हिस केंद्रातून सांगितले की माझ्या मॉडेलला ८.२५ ची मुभा नाही, म्हणून १६ पीआरचे चार ७.५०-१६ टायर सांगून ठेवले आहेत. यापुढे एकच ब्रास भरणार. स्टेपनीही आता त्याच मापाची ठरते.

स्टडांपैकी दोनांचे आटे चपटे झालेले दिसले. तेवढे दोन बदलावेत की सगळेच?

वाडीचा_फिटर
त्या हबचे सगळे बदला, आणि कंपनीचेच घ्या. दोनांचे आटे गेले म्हणजे शेजारच्यांनी त्यांचा भार इतके दिवस ओढला आहे. जुने स्टड भंगारात द्या, डब्यात ठेवू नका, नाहीतर एखाद्या दिवशी घाईत तेच पुन्हा गाडीला लागतील.