एडिनबरात थंडीत गोल्फचे नऊ होल

प्रश्न: डिसेंबरात एडिनबरात आहे. तिथल्या ब्रन्ट्सफील्ड लिंक्स मैदानावर तेव्हा गोल्फ खेळता येतं का? सोबत फक्त वेज (चेंडू उंच उडवायची काठी) आणि पटर (चेंडू जमिनीवरून ढकलायची काठी) आहे.

उत्तर: येतं की! उन्हाळ्यात ३६ छोटे होल, हिवाळ्यात नऊच. फुकट आहे. तुमच्या दोन काठ्या पुरेत. जमीन कडक असली तर चेंडू होलमधल्या झेंड्याच्या बराच अलीकडे टाका, पुढे घरंगळतो. गवतावर हिमकण असतील तर मात्र थांबा हो. पावलाखाली गोठलेली पाती मोडतात, मग तिथलं गवत काळवंडतं. मला ते बघवत नाही.

प्रश्न: मग दुपारी जाऊ?

उत्तर: अकराला जा. पावणेचारला सूर्य मावळतो. आणि ती सार्वजनिक बाग आहे, चालणारे आधी जाऊ द्या.

दुसरं उत्तर: केशरी चेंडू न्या, पाचोळ्यात पांढरा दिसत नाही.