मदत हवी आहे : वहिनी सिकलसेल एसएस, बाळंतपणात दाई असलेली आजी सोबत राहू शकेल का?

नमस्कार. मी नोकरीसाठी नागपुरात, घर देवलापारच्या पुढे जंगलाला लागून. आम्ही गोंड. वहिनीला सातवा सुरू आहे, दुसरी खेप. सिकलसेलच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणीत ती एसएस निघाली (नुसती वाहक नाही, आजारच), त्यामुळे घरी बाळंतपण नको हे सगळ्यांना पटलंय. आजीलाही. अर्ध्या गावाची नाळ तिनं कापली, पण तीच म्हणते, "रक्त लागलं तर मी कुठून आणू?"

अडतंय वहिनीपाशी. पहिल्या वेळी दवाखान्यात तिला एकटीला आत घेतलं, सारा वेळ उताणी झोपवलं, ओरडली की वरून बोलणी. ती घरी गोंडीच बोलते, कळांमध्ये मराठी सुचणार कशी? आमच्याकडे बाई मयालीला (छपराच्या तुळईला) बांधलेला दोर धरून उकिडवी बसते, दाई मागून कंबर चोळत राहते. तो दोर दवाखान्यात कोणी बांधू देणार नाही, कळतं. पण आजी उशाशी बसली तर काय बिघडतं?

नागपुरात डागा (बायकांचं सरकारी रुग्णालय) बरं की मेडिकल (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय)? आजीला लेबर रूममध्ये घेतील का? आणि मेळघाट-गडचिरोलीकडे आधीच येऊन राहायला माहेरघर असतं, तसं आमच्या बाजूला आहे का? आशाताई म्हणते, १०८ लावा. पावसात रेंजच नसते, लावू कुठून!

प्रतिसाद : ताई, मी परिचारिका होते. एसएस आहे, तर रक्तपेढी आणि फिजिशियन एकाच आवारात हवेत, म्हणून माझं मत मेडिकल. माहेरघर शोधण्यात वेळ घालवू नका. नाव आत्ताच नोंदवा, नववा लागायच्या आत तिला तुमच्याकडे आणा. फॉलिक अ‍ॅसिड चुकवू नका, लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच. ताप, छातीत दुखणं, दम लागणं यातलं काहीही झालं तर तारखेची वाट न बघता निघा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात रक्त, औषधं, सिझेरियन, जेवण, जाण्यायेण्याची गाडी सगळं मोफत आहे, कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

सोबतीचं म्हणाल तर २०१६ मध्येच केंद्रानं सरकारी दवाखान्यात तशी मुभा दिली. नात्यातली बाई हवी, शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली, आणि तिनं उपचारात हात घालायचा नाही. आजी बसते की यात! उताणंच झोपायला हवं असंही नाही. बाईला सोयीची स्थिती घेऊ द्यावी, असं जागतिक आरोग्य संघटना २०१८ पासून सांगतेय.

धागाकर्ती : आजीला मराठी येते, ती सिस्टरला समजावून सांगेल. पण रात्री दारावरच अडवलं तर?

प्रतिसाद : अडवतात, खोटं कशाला सांगू. म्हणून पुढच्या तपासणीलाच आजीला सोबत न्या, डॉक्टरांशी गाठ घालून द्या आणि "सोबत आजी" असं केसपेपरवर लिहून घ्या. ती दाई आहे हे तिथं आधी सांगू नका. नात्यातली म्हणून सांगा, पुरे.