विमानाच्या पंखावरचे दिवे: एलईडी की जुना बल्ब?

होटगीरोडकर: जून 2025 मध्ये सोलापुरातून गोव्याचं विमान सुरू झालं आणि आमच्या कट्ट्यावर विमानाशिवाय दुसरा विषय उरला नाही. डाव्या पंखाला लाल, उजव्याला हिरवा, शेपटीला पांढरा दिवा. माझं मत सरळ आहे, जुन्या छोट्या विमानांवरही हे दिवे एलईडीच करून टाकावेत. जुना बल्ब पांढरा उजेड पाडतो, त्यातला बराचसा रंगीत काचच खाते. एलईडी मुळातच लाल किंवा हिरवा, वीजही कितीतरी कमी. शिवाय थरथरीनं तुटायला फिलामेंटच नाही.

वायरमनकाका: नाही पटलं. बल्ब गेला की गेला, उड्डाणाआधीच्या फेरीत दिसतं. एलईडी पेटलेला दिसत राहतो आणि हळूहळू मंदावतो. नियम नुसतं ‘पेटला पाहिजे’ म्हणत नाही बे. नाकासमोर किमान 40 कँडेला (उजेडाच्या तीव्रतेचं माप), नाकापासून बाजूला 20 ते 110 अंशांत 5, शेपटीकडे 20. चाळिसाचे तीस झालेले तुझ्या डोळ्याला कळतील?

होटगीरोडकर: काका, जुन्या बल्बची काचही आतून काळी पडतेच की! ते तरी कोण मोजतं?

रातपाळी: दोघांचंही एक राहिलं. रात्री दिसण्याचे गॉगल लावून हेलिकॉप्टर उडवतात, त्यांना बल्बमधले अवरक्त किरण दिसतात. लाल एलईडीत ते जवळजवळ नसतात, आणि गॉगलची गाळणी तो लाल रंगही अडवू शकते. उंच टॉवरवरच्या एलईडी दिव्यांबद्दल अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकानं, एफएएनं, 2009 मध्येच सावध केलं होतं. दिव्यात वेगळा अवरक्त एलईडी बसवता येतो, पण मग तसाच घ्या.

बाळीवेस रेडिओ: रिक्षात स्वस्त एलईडी लावला की एफएमवर खरखर येते, ऐकलंय ना? दोष दिव्याचा नसतो, त्याला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटचा असतो. विमानाचा रेडिओ 118 ते 137 मेगाहर्ट्झवर, एफएमच्या अगदी शेजारी. त्यामुळे विमानासाठी मंजूर झालेलाच दिवा हवा, ऑनलाइन मागवलेला नको. महाग पडतो, पडू दे.

वायरमनकाका: रेडिओचं पटलं. आता होटगीरोडकर, लॉगबुकात इंजिनाचे तास लिहितात. तुझ्या एलईडीचे कोण लिहिणार, तेवढं सांग.