चतुराच्या डोळ्यावर फ्लॅशचा पांढरा डाग येतो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

चतुर (ड्रॅगनफ्लाय) आणि टाचण्या (डॅमसेलफ्लाय) या कीटकांचे जवळून फोटो काढतोय. फुल फ्रेम कॅमेरा, १०० एमएम मॅक्रो लेन्स. १:१ ला (म्हणजे कीटक सेन्सरवर खऱ्या आकारात उमटतो तेव्हा) लेन्सचं छिद्र एफ/११ इतकं लहान ठेवलं तरी जेमतेम दीड मिलिमीटर शार्प मिळतं. डोळा साधला की पंखाचं टोक गेलंच. छिद्र आणखी लहान केलं, तर एफ/२२ वर डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे) सगळंच मऊ पडतं. पहाटे पंखांवर दव असतं तोवर चतुर हलत नाही, तेव्हा फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करणं) छान जमतं. ऊन चढून तो चळवळ करू लागला की मात्र फ्लॅश लागतोच.

खरी अडचण इथे आहे. त्याचा डोळा इतका चकचकीत, की फ्लॅशचा पांढरा चौकोन त्यावर ठसठशीत उमटतो आणि निळी-हिरवी छटा, डोळ्यावरची बारीक जाळी सगळी त्यात बुडते. डिफ्यूझर (फ्लॅशचा प्रकाश पसरवून मऊ करणारा पडदा) मोठा केला तर तो जवळ नेताच चतुर उडतो.

तुम्ही डिफ्यूझर लेन्सच्या किती पुढे आणता? दुहेरी थराने फरक पडतो का? कीटक पकडून फ्रिजमध्ये गार करायचा सल्ला कृपया नको, ते मला अजिबात पटत नाही. तुमच्या जुगाडाचा फोटो टाकलात तर फार मदत होईल.