डब कविता म्हणजे डब केलेली कविता?

अनुवादिनी: एका दिवाळी अंकासाठी जमैकन कवितेवरचा लेख मराठीत करतेय. 'डब पोएट्री'ला 'डब कविता' लिहिलं, तर संपादकांनी ते 'सुधारून' 'डब केलेली कविता' केलं. जणू तेलुगू सिनेमाच! फोन केला तर म्हणाले, मग मराठी शब्द द्या. सुचवा.

जुना बोरू: नादकाव्य. सुटसुटीत.

ठेका सोडू नका: बोरूकाका, नाद कुठल्या कवितेला नसतो? ही भानगड वेगळी आहे. रेगे म्हणजे जमैकेचं ठेक्याचं संगीत. त्याच्या मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला गाणं आणि दुसऱ्या बाजूला त्याचीच 'व्हर्शन' असायची. किंग्स्टनचा किंग टबी, मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा, गाण्यातला आवाज काढून टाकायचा, बास आणि ड्रम तेवढे ठेवायचा, वर प्रतिध्वनी सोडायचा. त्या मोकळ्या जागेत यू-रॉयसारखे डीजे बोलायला लागले, आणि त्यांच्यामागून कवी. आपल्या डबिंगमध्ये आवाज भरतात, तिथे आवाज काढतात. संपादकांची चूक नुसती चूक नाही, बरोब्बर उलटी आहे.

अनुवादिनी: हे वाक्य लेखात घेऊ का?

ठेका सोडू नका: घ्या की. चहा पाजा.

कसरगावकर: 'ढब' का नको? बोलण्याची ढब असतेच. ढबकविता! माझ्या मते दोन्ही शब्दांचं मूळ एकच असणार.

जुना बोरू: मग डबकं, डबडबणं आणि डबघाईसुद्धा जमैकेचीच म्हणा. इंग्रजी 'डब' हा 'डबल'चा तुकडा, ध्वनिमुद्रणातला. व्युत्पत्ती कानानं ठरत नसते.

कसरगावकर: काका, तुमचं नादकाव्य तरी कुठे कोशातलं आहे?

मामेबहीण: ढब मला आवडलं बुवा. डब कवी ओकू ओनुओराचं म्हणणं होतं की मागे वाद्यं नसली तरी शब्दांतूनच रेगेचा ठेका ऐकू यायला हवा. म्हणजे बोलण्याची ढबच ना! आणि त्यांच्या पात्वात, म्हणजे जमैकेच्या बोलीत, 'मी' म्हणजे मीच. तिथल्याच डब कवी मायकी स्मिथची 'मी क्यान बिलीव्ह इट' पहिल्यांदा ऐकली तेव्हा वाटलं, कुणी आपल्याकडचाच बोलतोय.

जुना बोरू: योगायोग.

मामेबहीण: योगायोग म्हणूनच गंमत, काका.

अनुवादिनी: त्याच ओळीवर अडलेय. 'माझा विश्वास बसत नाही' केलं, पण फारच इस्त्रीचं वाटतं.

वऱ्हाडी ठेचा: 'मले खरंच वाटून नाई राह्यलं.' घ्या. पात्वाला शाळेत मोडकी इंग्रजी म्हणायचे. आमच्या बोलीलाही वर्गात हेच ऐकावं लागलं. मग प्रमाण मराठीत अनुवाद कशाला?

जुना बोरू: म्हणजे किंग्स्टनचा माणूस अकोल्याचा करायचा? वाचक हसेल.

वऱ्हाडी ठेचा: पुण्याचा केला की हसत नाही, नाही का?

ठेका सोडू नका: मायकी स्मिथला १९८३ साली दगडांनी ठेचून मारलं, हे लक्षात असलं की कुठल्याच बोलीत हसू येत नाही.

पँथरचा पुतण्या: सगळे एक विसरताय. डब कवी लिंटन क्वेसी जॉन्सन लंडनमध्ये तरुणपणी काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथरच्या युवा शाखेत होता. इकडे १९७२ साली मुंबईत दलित पँथर झाली, नाव अमेरिकेतल्या पँथरांवरून. ढसाळ वाचलेल्याला ही कविता नव्यानं समजावावी लागत नाही. 'विद्रोही कविता' म्हणा.

मामेबहीण: पण मग रेगे कुठे गेला? जॉन्सनच्या तबकड्यांवर डेनिस बोव्हेलचा बास काढून टाका, अर्धी कविता जाते.

पँथरचा पुतण्या: शाहिराचा डफ काढून टाकला तर?

कसरगावकर: डफकविता!!

जुना बोरू: देवा.

कसरगावकर: हसू नका. शब्द समुद्र ओलांडतात. जमैकेत गांजाला 'गांजा'च म्हणतात.

ठेका सोडू नका: ते खरं आहे. १८४५पासून तिकडे हिंदुस्थानी मजूर नेले, त्यांच्याबरोबर शब्द गेला. पण ते बहुतेक भोजपुरी-अवधीवाले, कलकत्त्याहून गेलेले. त्यावर मराठी शिक्का मारू नका.

कसरगावकर: मूळ संस्कृत 'गञ्जा'. म्हणजे आपलाच.

वऱ्हाडी ठेचा: गांज्यावर काकांचं मत?

जुना बोरू: अनुस्वार स्पष्ट लिहावा.

अनुवादिनी: मंडळी, मला उद्या दुपारपर्यंत शब्द द्यायचाय.

कसरगावकर: आणि 'चिलीम'बद्दल कुणीच बोललं नाही.